भाच्याची मुलाखत

गृहस्वामिनी सरोजिनीस पुण्याहून सप्रेम वंदन.

लेक वेळेवर जेवते. म्हणजे मी ताटावर बसवलं तर. तुझे गुडघे कसे आहेत?

अक्षरानं कंपनी काढली तेव्हा घाईघाईत सगळ्या मैत्रिणीच भरल्या. साऱ्या विदुषी, पण गिऱ्हाइकाशी बोलायला एकही तयार नाही. आता ती प्रत्येक उमेदवाराला आधी खरं काम करायला लावते.

तुझा भाचा अनिरुद्धही आला, आणि पहिल्याच गिऱ्हाइकावर चिडला. मी म्हटलं, "घरचा आहे, घे."

"बाबा, ही काय तुळजापूरची पूजेची पाळी आहे, वारशानं यायला?"

नकार तिनंच दिला, कारणं नीट समजावून. त्याच्या आईला, म्हणजे तिच्या मामीला, कळवायला मी मुहूर्त शोधत होतो. तिनं माझ्यासमोरच फोन लावला. धन्य तुझी लेक!

तुझ्या वहिनी अजून तुझ्याशी बोलतात ना गं?

तुझाच,
वसंत