शेजारची जागा

प्रिय हेस्टर,

फ्रान्सला आलो म्हणजे ऊन खायला आलो, असं म्हणायची सोय यंदा राहिलेली नाही. आल्यापासून पाऊस कोसळतोय, कॅरव्हॅनपुढचा तंबू चिखलाने माखलाय आणि तुझा भाचा कानात हेडफोन खुपसून बसतो, "घरी कधी जायचं?" याखेरीज तोंड उघडत नाही. त्यात मी सवयीने घरून दोन कुटुंबांचे बटाटे भरून आणले. गाडीची डिकी बघून हार्मन म्हणाला, "अगं, हेस्टर येत नाहीये यंदा, विसरलीस?" डोक्याला ठाऊक होतं गं, हातांना कोण सांगणार! आता रोज बटाटे. आणि निघण्याआधी पुढच्या वर्षीच्या जागा कॅम्पवाल्या मादामला सांगायच्यात, त्याचा घोर वेगळाच.

दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगते. तुमच्या त्या शेजारच्या जागेवर रिंक आलाय, त्याच्या त्या नव्या मिर्तेला घेऊन. माझ्या नवऱ्यानेच, हार्मननेच बोलावलं, आणि मला कधी सांगितलं? आदल्या दिवशी! "घटस्फोट हेस्टर-रिंकचा झाला, माझी दोस्ती कशाला तोडू?" म्हणे. मी खूप बडबडले, पण तोवर कॅरव्हॅन गाडीला जोडून झाली होती. रिंकची कॅरव्हॅनही तीच, खिडक्यांना तू शिवलेले निळ्या बदकांचे पडदे.

मिर्ते खाष्ट असती तर बरं झालं असतं. बाई चांगली आहे, हाच तर ताप! सकाळच्या कॉफीला बोलावते आणि बिस्किटांचा डबा उघडाच ठेवते. आपल्याकडे कॉफीबरोबर माणशी एकच बिस्कीट आणि लगेच झाकण बंद; म्हणून आम्ही एकेक उचललं आणि झाकण कधी लागतंय याची वाट बघत बसलो. रिंकचा हात डब्याकडे जाऊन परत आला. "घ्या की अजून, लाजताय काय?" ती म्हणाली. तू असतीस तर टेबलाखालून मला लाथ मारली असतीस आणि आपण दोघी हसू दाबून मेलो असतो. मी एकटीच खोकल्याचं निमित्त करून उठले.

खरा जीव कासावीस होतो भांड्यांच्या वेळी. पहिल्या संध्याकाळी टबात ताटं घेऊन कॅम्पच्या सिंकपाशी गेले तर ही मागोमाग हजर, दोघींच्याही हातात पुसायची फडकी. इतकी वर्षं तू घासलीस, मी पुसली. आपल्या आईचं आजारपण आपण तिथेच बोललो, रिंकचं सगळं तू मला तिथेच सांगितलंस. मी फडकं ठेवलं आणि घासायला लागले. काल पुसता पुसता ती म्हणाली, "पुढच्या वर्षीही इथेच येऊ या, मला फार आवडलंय." माझ्या हातून बशीच निसटली. प्लॅस्टिकची होती म्हणून वाचली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आज सकाळी मादाम विचारायला आली तेव्हा आपले दोघे वीर कॅरव्हॅनमधल्या संडासाची टाकी रिकामी करायला गेले होते. तुला माहीतच आहे, तिकडे गेले की गप्पा मारत बसतात. "शेजारची जागा नेहमीच्याच माणसांना ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो, नेहमीच्याच. हेस्टरला." ती मान डोलावून गेलीसुद्धा. दोघे परतल्यावर मी हे सांगितलं, तेव्हापासून हार्मन माझ्याशी बोलत नाही, रिंक लालबुंद झालाय, आणि दुपारच्या कॉफीला मिर्तेने प्रत्येकाला एकेक बिस्कीट दिलं आणि झाकण लावलं. वाईट वाटलं मला तिचं, खरंच वाटलं.

"जा तुम्ही, मला त्या कॅम्पचं तोंडही बघायचं नाही," असं तू म्हणाली होतीस. तरी तुला न विचारता तुझं नाव देऊन बसलेय, आणि हे पत्र त्याचसाठी. ये गं. कॅरव्हॅन नाही तर छोटा तंबू आण, नाही आलीस तर ती जागा रिकामी राहील, पण दुसऱ्या कुणाची होणार नाही. घासून घासून हात सोलवटलेत माझे. पुढच्या वर्षी तू घास, मी पुसेन. बटाटे आहेतच.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
नेलेके