बातमीच्या आधी आलेला घास

मी, वच्छलाबाई भ्रतार बद्रीनाथ तुपे, वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार सिडको एन-सहा, छत्रपती संभाजीनगर, दुपारचा चहा घेऊन, स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला दोघे आले होते, त्यांचा उल्लेख पुढे योग्य जागी येईल. वकीलसाहेब म्हणाले, बाई, मृत्युपत्रात मिळकतीचे लिहा, गोष्टी सांगू नका. पण गोष्ट कळल्याशिवाय मी घर असे का दिले हे कोणाला उमगायचे नाही, आणि माझा पुतण्या कोर्टात जाऊन म्हातारीला चळ लागला होता असे सांगेल. तेव्हा दोन्ही लिहिते.

कलम एक. माझे यजमान बद्रीनाथ यांचा सन १९६७ साली खून झाला. आमचे गाव लासूर स्टेशनच्या अलीकडे. ते बाजार समितीवर निवडून आले होते आणि त्या दिवशी दुपारी सभापतीची निवड होती. त्यांच्या बाजूला एक मत जास्त होते. आधीचे सभापती नानासाहेब आमच्या समोरच्याच घरात राहत. यजमान सकाळी लवकर सायकलवर निघाले, कारण वाटेतल्या वस्त्यांवर आपली माणसे होती, त्यांना भेटून पुढे जायचे होते. रेल्वे फाटकाजवळच्या ज्वारीत ते सापडले, मानेवर कुऱ्हाडीचा घाव. डॉक्टरने वेळ लिहिली सकाळ ते दुपार. सकाळ ते दुपार म्हणजे काय वेळ झाली? नानासाहेब पुन्हा सभापती झाले. मारेकरी म्हणून कागदावर ‘अज्ञात इसम’ एवढेच राहिले आणि तपास बंद झाला. हा अज्ञात इसम मी इतक्या अर्जांवर लिहिला आहे की मला तो आमच्या गावातलाच कोणी वाटायला लागला आहे. नानासाहेब पुढे म्हातारे होऊन अंथरुणातच वारले. त्यांचे धाकटे भाऊ आप्पासाहेब अजून आहेत, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आहेत आणि भाषणे छान करतात.

मला मूलबाळ नाही. मी औरंगाबादला भावाकडे आले, मॅट्रिक झाले आणि टेलिफोन एक्सचेंजला लागले. (औरंगाबाद हे नाव तोंडात बसलेले आहे, कोणी राग मानू नये.) तिथे दोघांचे बोलणे ऐकायचे नाही असा नियम होता. लासूर स्टेशनचा कॉल लागला की मी ऐकत असे. वाटायचे, कोणीतरी कधीतरी चुकून बोलेल. कांद्याचे भाव ऐकले, सुनांच्या चहाड्या ऐकल्या, एका लग्नाची अख्खी बोलणी ऐकली. जे हवे ते कोणी बोलले नाही. मुळातच मला चौकशीचा नाद. आई म्हणायची, या पोरीला देवानं नाक जरा लांबच दिलंय.

कलम दोन. गावाकडील माझ्या हिश्श्याचे शेत पुतण्या पुंजाराम यास द्यावे. तो कसतो, म्हणून त्याचेच. मात्र पुंजाराम आप्पासाहेबांच्या संस्थेत नोकरीला आहे, आणि तपास पुन्हा उघडल्याची बातमी आली त्याच आठवड्यात तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. कशाचे पेढे, विचारले तर म्हणाला, “काकू, सहजच. आता या वयात कशाला ते जुनं उकरायचं? साहेबांचं बी वय झालं.” मी म्हटले, “पुंजाराम, तुझ्या काकाचं वय व्हायचं ऱ्हाऊन गेलं, त्याचं काय?” पेढे त्याच्या हातात परत दिले. दुसऱ्या खेपेला स्वतः आप्पासाहेब गाडीतून आले. ते दाराबाहेर उभे राहून “वहिनी, काही कमी-जास्त लागलं तर सांगा” म्हणाले. मी सांगितले की लागले तर फोन करीन, मला नंबर लावता येतात.

कलम तीन. हे मिळकतीचे नाही, पण याच्यावरच पुढचे उभे आहे.

ज्या घरी मयत होते त्या घरची चूल पेटत नाही. भावकीला सुतक असते, म्हणून शेजारी नाहीतर सोयरे पिठले-भाकरी करून आणतात. आम्ही त्याला कडू घास म्हणतो. आमच्या आळीत पहिला घास समोरच्या घरचा, मग वैर असो नाहीतर काही असो. वैर बाजार समितीत, घास घासाच्या जागी.

त्या दिवशी ऊन चढल्यावर मी अंगणात शेंगा वाळत घालत होते. नानासाहेबांच्या घरची कामवाली दगडाबाई डोक्यावर टोपली घेऊन आली आणि ओट्यावर उतरवून खाली मान घालून उभी राहिली. फडके काढले तर भाकरीची चवड आणि पितळी डब्यात पिठले. मी विचारले, “अगं, हे काय?”

“घास आनलाय. चतुराबाईनं धाडलाय.”

चतुराबाई म्हणजे नानासाहेबांची बायको. मी हसले. म्हटले, “अगं बया! आमच्यात कोन मेलं? जा, घर चुकलीस.” दगडाबाई टोपली उचलून गेली. सासूबाईंनाही मी हे हसत हसत सांगितले.

बातमी आली ती दुपारी, जेवणे उरकल्यावर. मग काय झाले ते मी लिहीत नाही.

रात्री सगळे उरकून आल्यावर घास आला, आणि तीच टोपली, तेच फडके, तोच डबा. भाकरी कडक झाल्या होत्या. ताज्या भाकरीला काही एवढे चावावे लागत नाही. मामंजींनी एक तुकडा मोडून पिठल्यात भिजवला आणि खाल्ला, कारण कर्त्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी खात नाही. मी मात्र ती भाकरी हातात घेऊन बसले. ही सकाळचीच होती. म्हणजे माझा नवरा मेला हे समोरच्या चुलीला माझ्या आधी ठाऊक होते.

मी फौजदाराला सांगितले. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “बाई, भाकरी कडक होती हे पंचनाम्यात कसं घालू?” आणि मामंजींनी मला आत बोलावून सांगितले, “ज्याचा घास खाल्ला त्याचं नाव या घरातून निघायचं नाय.” ते स्वतः त्या दुःखातच गेले, पण नाव काढले नाही. माझा त्यांच्यावर राग होता, आजही थोडा आहे. तो राग मी कोणाला देत नाही, सोबत नेते.

आता जुने न उलगडलेले राजकीय खून पुन्हा तपासायला जे पथक नेमले त्यात वहिदा नावाच्या इन्स्पेक्टर आहेत. मला नात असती तर तिच्या वयाच्या. त्या आल्या, बूट बाहेर काढले, खाली बसल्या आणि म्हणाल्या, “आज्जी, सकाळी उठल्यापासून सांगा. खाणंपिणं सगळं.” इतक्या वर्षांत खाण्यापिण्याचे कोणी विचारले नव्हते. मी टोपलीचे सांगितले तशी त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, “मय्यतचं खाणं आमच्यातही बाहेरूनच येतं, आज्जी. पण मय्यत झाल्यावर.” मला त्या पोरीची दृष्ट काढावीशी वाटली.

दगडाबाई वारलेली. चतुराबाई हयात, नव्वदीच्या घरात, चितेगावला मुलगा काकासाहेब याच्याकडे. वहिदाबाई तिकडे गेल्या. चतुराबाईने न्यायाधीशासमोर जबाब दिला. काय दिला ते वहिदाबाई मला सांगत नाहीत, त्यांना कायद्याने सांगता येत नाही. मी चहा पाजला, भजी खाऊ घातली, तरी नाही. खटला उभा राहील, आप्पासाहेब आरोपी असतील, आणि चतुराबाईला कोर्टात परत बोलावे लागेल, एवढे मात्र कळले.

जबाबानंतर आठवडाभराने काकासाहेबाने आईला कापडी पिशवीसकट रिक्षात बसवून दिले. म्हणाला, जिच्यासाठी बोललीस तिच्याकडंच ऱ्हा. म्हातारी माझ्या दारात उभी. सत्तावन्न वर्षांनी आम्ही एकमेकींना पाहिले. ती म्हणाली, “वच्छला, मला ठिकाणा नाय.” मी म्हटले, “चपला आत ठेवा, भाईर कुत्रं नेतं.”

कलम चार. सबब सिडको एन-सहा येथील माझे राहते घर, भांडीकुंडी, पलंग व मोरीतल्या गिझरसह, चतुराबाई भ्रतार नानासाहेब हिला तिच्या हयातीपर्यंत राहण्यास द्यावे. तिला पुंजारामने, काकासाहेबाने अगर कोणीही बाहेर काढू नये. तिच्या माघारी घर विकून ते पैसे गावच्या शाळेतल्या मुलींसाठी लावावेत. मी आज मेले आणि उद्या म्हातारी रस्त्यावर आली, तर ती मुलाच्या दारात परत जाईल, आणि तिथे गेली की कोर्टात तिला काहीच आठवायचे नाही. माझ्या नवऱ्याचा खटला आता या दोन खोल्यांवर उभा आहे.

कोणी म्हणेल की साक्षीदार विकत घेतली. जबाब आधी झाला, घर नंतर दिले. तारखा वहिदाबाईंकडे आहेत. शिवाय साक्ष देवो न देवो, घर तिचेच. अट घातलेली नाही, घालायची नाही.

कलम पाच. व्यवस्था पाहण्यास शेजारी गयास इब्राहीम शेख यांना नेमते. ते तयार आहेत. फक्त म्हणाले, “आपा, इत्ता लंबा वसीयतनामा? आमच्या अब्बांनी तर चार ओळीत आटोपलं होतं.” मी म्हटले, तुमच्या अब्बांना पुतण्या नव्हता.

कलम सहा. एक गोष्ट मला अजून कळलेली नाही, आणि ती कळल्याशिवाय मरायची माझी इच्छा नाही. घास बातमीच्या आधी आला हे खरे. पण का आला? काम झाल्याचे कळले म्हणून चतुराबाईने घाईने चूल पेटवली, असे मी आजवर धरून चालले. की भाकरी थापत होती तेव्हा ते जिवंत होते? ती माझ्या घरात राहते, आम्ही एका ताटात पापड मोडतो, आणि दोनदा माझ्या तोंडापर्यंत आले तरी मी विचारले नाही. काय उत्तर येईल याची भीती वाटते. मी मेल्यावर गयासभाईंनी विचारावे आणि माझ्या फोटोपुढे सांगावे.

पुढील मजकूर त्याच बैठकीत लिहिला आहे, खाडाखोड नाही. मला लिहिताना मोठ्याने वाचायची सवय आहे. चतुराबाई स्वयंपाकघरात होती. हाताला पीठ तसेच घेऊन ती दारात आली.

“फोटोला कशापायी सांगायचं? तू जित्ती हायेस की.”

मी पेन हातात धरूनच वर पाहिले.

“जित्ता व्हता,” ती म्हणाली. “म्या पीठ मळलं तवा त्यो वस्तीवर च्या पीत बसला आसंल. गाडी गेल्यावर फाटकापशी गाठायचं, आसं आप्पासाहेब अन् आमच्या मालकाचं वसरीत बोलणं झालं. म्या ऐकलं. मला वट्याखाली उतरू देईनात. दगडाच्या तोंडी निरोप दिला आसता तर तिला दारातच उलटसुलट इचारलं आसतं. पर भाकरीची टोपली कोन आडवतंय? म्या म्हनलं, घास बघून वच्छला वरडत सुटंल. गावातलं एखादं पोरगं तरी सायकल घिऊन पळंल.”

“मी हसले,” मी म्हटले.

“व्हय. दगडा आली अन् म्हनली, बाई, त्या तर हासत्यात.” ती खाली बसली. “तुझा काय गुन्हा? नवरा घरनं धड निघालेला. त्या वक्ताला कुनाला बी हासूच आलं आसतं. म्याच येडी. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाय.”

“अन् राती तीच टोपली का धाडली?”

“पुन्यांदा पीठ मळाया हात उचलंना, वच्छला.”

मी पेन ठेवला आणि रडले. नवरा गेला तेव्हा इतके रडले नव्हते, तेव्हा बायकांनी धरून ठेवले होते. आता कोणी धरले नाही. चतुराबाईही रडली, तिच्या पिठाच्या हातांनी माझ्या पातळाला डाग पडले ते तसेच आहेत. सत्तावन्न वर्षे मी म्हणत आले की ती टोपली घाईने आली. ती वेळेवर आली होती.

वरील कलम सहा रद्द समजावे, फोटोला काही सांगायचे उरले नाही. कलम चार जसेच्या तसे कायम.

कलम सात व शेवटचे. माझ्या माघारी या घराची चूल पेटवू नये. घास शेजारून यावा, गयासभाईंकडून आला तरी चालेल, मटण नसावे. पहिला घास चतुराबाईने घ्यावा. आणि कोणाच्या घरून टोपली वेळेआधी आली, तर माझ्या माणसांनी हसू नये. जो कोणी बाहेर गेला असेल त्याच्या मागे धावत सुटावे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, चतुराबाईला वाचून दाखवले, आणि राजीखुशीने सही केली.

सही: वच्छलाबाई भ्र. बद्रीनाथ तुपे

आमच्यासमक्ष सही झाली. लिहिणारी शुद्धीत होती, डोळे लाल होते:
साक्षीदार १. गयास इब्राहीम शेख, शेजारी
साक्षीदार २. सारजाबाई सांडू गायके, निवृत्त नर्स, मागच्या गल्लीतील

ठिकाण: सिडको एन-सहा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४