नाल्याच्या पलीकडची लाइट

३ मार्च, सोमवार
लाइट गेली. समोरच्या ओळीत पंखे फिरतायत. आमची पडेगावची गल्ली एक टेम्पो जाईल एवढीच, पण समोरची ओळ वीज कंपनीच्या शहर ऑफिसकडे आणि आमची ग्रामीणकडे. शहरची लाइट जात नाही. आमची अधूनमधून येते.
शहरवाल्यांना फोन केला. म्हणाले, तुम्ही ग्रामीणमध्ये. ग्रामीणवाले म्हणाले, तुमचा खांब शहरचा.
बायकोचा, मृण्मयीचा, जीव फ्रीजरमध्ये अडकलाय. दिवाळीच्या सुमारास दौलताबादहून आणलेल्या सीताफळांचा गर तिने गोठवून ठेवलाय. समोरच्या कारभारीकाकांच्या नातीचं, सोनियाचं, लग्न दहा मेला. जेवणात सीताफळ रबडी. तिची पहिली मोठी ऑर्डर. गर एकदा वितळून सुटला की फेकूनच द्यायचा, असं ती म्हणाली.
निर्णय: कायदेशीर मार्ग. वकील नको. माझं एलएल.बी.चं पहिलं वर्ष झालंय. परीक्षा दिली नव्हती, पण लेक्चरं सगळी केली होती. स्वतःशी खोटं कशाला? बरीच केली होती.

९ मार्च, रविवार
सकाळी कारभारीकाका आले. म्हणाले, "साहेब, फ्रीजर आमच्या वसरीत आणून ठिवा. लग्न आमचंच हाय, घर काय परकं हाय का?"
त्यांना समजावलं. फ्रीजर तिकडे नेणं म्हणजे आपण ग्रामीण आहोत याची कबुली. उद्या समोरचा पक्ष तेच दाखवणार. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत वळून मृण्मयीला विचारलं, "वैनी, साहेबांची झोप व्हती ना नीट?"
प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं, हा माझा अहंकार तर नाही? नाही. तत्त्व आहे.

२० मार्च, गुरुवार
वीज ग्राहक तक्रार मंचात अर्ज दाखल. बँकेतून अर्धी रजा.
मुद्दा सोपा आहे. दोन्ही ऑफिसांना एक गोष्ट मान्य आहे: जुना नाला ही हद्द. नाल्याच्या पूर्वेला शहर, पश्चिमेला ग्रामीण. पण प्लॉट पडले तेव्हा नाला बुजवला आणि तो नक्की कुठे होता, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कुणीतरी अंदाजाने गल्लीचा मध्य धरला. अंदाजाने! मी ऑडिटमधला माणूस. हे कळल्यावर घाम फुटला. (पंखाही बंद होता.)
माझ्या अभ्यासानुसार नाला आमच्या घराच्या मागून, म्हणजे पश्चिमेकडून जात असणार. पुरावा: मागच्या बाथरूमच्या भिंतीला ओल. मृण्मयीच्या मते ती ओल गळक्या नळाची आहे. ही शक्यता निःपक्षपातीपणे तपासायला हवी. सवडीने.
ती म्हणाली, अर्जात सरळ लिही ना, आम्हाला शहरची लाइट द्या. मी म्हटलं, ते स्वार्थी दिसतं. मी मागितलंय: "मूळ नाला शोधून हद्द कायमची निश्चित करावी." वाक्य चांगलं उतरलंय.

८ एप्रिल, मंगळवार
दुपारभर लाइट नव्हती. गर कडेने सुटायला लागला होता. मी बँकेतून आलो तेव्हा फ्रीजरच्या जागी फरशीवर चौकोनी डाग. कारभारीकाकांच्या घरच्यांनी फ्रीजर उचलून त्यांच्या ओसरीत नेलेला. मृण्मयीच्या संमतीने. केसचं काय होणार, याचा कुणी विचार केला नाही.
लगेच समोर गेलो आणि "हक्क अबाधित ठेवून" अशी चिठ्ठी फ्रीजरवर चिकटवून आलो.
संध्याकाळी पाहिलं तर काकांच्या बायकोने, सरूबाईंनी, चिठ्ठीवर मिरच्या वाळत टाकल्या होत्या. फ्रीजर मात्र गुरगुरत होता. गर दगडासारखा झालाय, असं कळलं. मी त्यावर मत दिलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
सुनावणी. मंचाच्या अध्यक्ष मॅडमनी विचारलं, नाला कुठे होता याचा पुरावा कुणाकडे आहे? दोन्ही ऑफिसांचे इंजिनिअर एकमेकांकडे बघू लागले. त्या क्षणी मला सुचलं. म्हणालो, पाण्यालाच विचारू. वरच्या चढावर टँकर रिकामा करतो, पाणी आपला जुना रस्ता दाखवेल.
मॅडमनी पहिल्यांदाच कागदातून मान वर केली. इंजिनिअर हसले. घाबरलेली माणसं अशी हसतात.
स्थळपाहणी मंजूर.
परत येताना रिक्षात स्वतःला विचारलं: ज्या शहरात नळाला पाणी येण्याची आठवडाभर वाट बघतात, तिथे भर उन्हाळ्यात टँकर रस्त्यावर ओतणं बरोबर आहे का? न्यायासाठी, हो. दुसऱ्यांदा विचारलं. उत्तर जरा उशिरा आलं, पण तेच आलं.

२९ एप्रिल, मंगळवार
टँकर वेळेवर आला. त्याच्या मागे गल्लीतल्या बायका, हंडे, बादल्या, एक पिंप. सरूबाईंनी पुराव्यातून दोन हंडे भरून घेतले. मी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, "रिकामा वत बसलाय मेला पाणी," आणि तिसरा हंडा लावला. मॅडमनी हरकत नोंदवली नाही.
व्हॉल्व्ह उघडला. पाणी सुरुवातीला सरळ आमच्या घराच्या मागच्या बाजूला निघालं. मी मॅडमकडे एक कटाक्ष टाकला. लिंबाच्या झाडापाशी पाणी थांबलं. विचार केल्यासारखं थांबलं. मग वळलं, गल्ली ओलांडली, कारभारीकाकांच्या परसातून आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या राजकुमारच्या दुकानामागून जे गेलं ते गेलंच.
म्हणजे नाला काकांच्याही पूर्वेला. म्हणजे आम्ही ग्रामीण. आणि समोरची अख्खी ओळसुद्धा.
शहरचा इंजिनिअर भला माणूस. हळूच म्हणाला, राहू द्या ना साहेब, जसं चाललंय तसं चालू दे, आम्ही काही बघितलं नाही. ग्रामीणवाल्यानेही मान हलवली.
मोह झाला. नोंद करतो की झाला. पण मी म्हणालो, टेप लावा. टेपचं दुसरं टोक मीच धरलं. त्यांनी दोन फूट कमी मोजलं होतं, तेही दाखवून दिलं. पंचनाम्यावर पहिली सही माझी.
कारभारीकाका जवळ आले. "साहेब, म्हंजी आता आमी बी तुमच्यातच?"
मी म्हटलं, काका, वस्तुस्थिती ही वस्तुस्थिती असते.
"व्हय," ते म्हणाले. "पर फ्रीजरचं काय?"
संध्याकाळी बाथरूमच्या नळाला वॉशर बसवला. भिंत सुकायला लागली.

६ मे, मंगळवार
निकाल! अर्ज मंजूर. हद्द मूळ नाल्याप्रमाणे कायमची निश्चित. "तक्रारदाराने केलेल्या सहकार्याची मंच नोंद घेत आहे." मी पूर्णपणे जिंकलो आहे.
मृण्मयीने आदेश दोनदा वाचला. म्हणाली, "जिंकलास तू." कोणत्या स्वरात, ते लिहीत नाही.

७ मे, बुधवार
कंपनीने इतक्या तत्परतेने काम केलेलं मी प्रथमच पाहिलं. सकाळी वायरी बदलल्या, दुपारी दोन्ही ओळींची लाइट एकदम गेली. आता भेदभाव नाही.
मृण्मयीने टेम्पोवाल्या सांडूला बोलावलं. फ्रीजर तिच्या आईकडे, भर शहरात, समर्थनगरला. चार जणांनी उचलला. मिरच्या सरूबाईंनी काढून घेतल्या, चिठ्ठी तशीच. मृण्मयी मागे फ्रीजरशेजारी बसली, झाकणावर हात ठेवून, दवाखान्यात नेतात तसं. गर वाचला, असा नंतर फोन आला. लग्नापर्यंत ती तिथेच थांबणार.
मी येऊ का, विचारलं. म्हणाली, "आईकडे हद्दीचा वाद नाही. तू आलास की होईल."
विनोद करत असावी.
कारभारीकाका मांडवासाठी जनरेटर सांगायला गेले. जाताना माझ्याकडे दोनदा वळून बघितलं. मनात समाधान असावं.

८ मे, गुरुवार
अशी कागदपत्रं जपून ठेवायला हवीत. आदेश लॅमिनेट करून हॉलमध्ये लावायचं ठरवलं. कोपऱ्यावर राजकुमारच्या दुकानात गेलो. तो पायरीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.
म्हणाला, मशीन बंद आहे साहेब, कालपासून लाइटच नाही. कुणीतरी केस जिंकली म्हणे.