ठिपकीनं सुतक धरलं नव्हतं

प्रिय आत्याबाई,

पाया पडते. सुनेनं सासूला पत्र लिहायचं, ते पण सासू गेल्यावर, म्हणजे लोक हसतील. हसू देत. पण आज तुमची ठिपकी कोंबडी आपल्या पायानं खुराड्यात शिरली, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना, आठवतं? किती छळलंत हो उन्हात! सगळ्या भावकीचे हात जोडून झाले. शेवटी तुमचे चिरंजीव पुढं झाले आणि म्हणाले, आई, तुझ्या कोंबड्यांना अंतर देणार नाही. तेव्हा कुठं कावळा खाली उतरला. लेक, सून, नातवंडं राहिली बाजूला, जीव अडकला तो कोंबड्यांत! मला रागच आला होता, खरं सांगते.

आणि मग ठिपकी अंगणातल्या तुमच्या बाजेवर जाऊन बसायला लागली. दिवस मावळला की बाकीच्या लिंबाच्या झाडावर चढायच्या, खुराड्याकडं एकही फिरकायची नाही. ठिपकी मात्र बाजेवरच, जणू तुम्ही अजून तिथंच आहात. दाणा टिपेना, तुरा पांढराफटक. शेजारची गंगूमावशी बघून गेली आणि म्हणाली, "म्हातारीच्या मागं ही बी जातीया बघ."

झालं! तुमच्या चिरंजिवांचं जेवणच तुटलं. आईला शब्द दिला आणि तो पाळता येईना, एवढंच डोक्यात. तुम्ही गेल्यापासून ते एकदाही रडले नव्हते, नुसते कोंबडीपाशी बसून राहायचे. मग त्यांनी ट्रंकेतलं तुमचं हिरवं लुगडं काढलं आणि घड्या घालून खुराड्यात अंथरलं. आईचा वास आला की जाईल आत, म्हणे. रोज सांजेला तिला उचलून त्यावर ठेवायचे आणि दार लावायचे. सकाळी ती आणखीच मलूल.

मला काही हे पटेना. तुम्ही त्या ठिपकीला उठता बसता शिव्या घालत होता, ती कशाला सुतक धरेल? पिशवीत घातली आणि एसटीनं मंगळवेढ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी पंख उचलून पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके दाखवले. उवा झाल्यात म्हणाल्या. मग विचारलं, कोंबड्या खुराड्यात जायला भितात का? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, तिथं बारीक लाल किडे असणार; दिवसा फटीत नाहीतर कापडाच्या घडीत लपतात आणि अंधार पडला की कोंबडीचं रक्त पितात.

घरी येऊन लुगड्याची घडी उलगडली, तर नुसता बुजबुजाट. माझ्या मनगटापर्यंत चढले. हे शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "हिला आत्याबाईंचं काय न्हाय वो. हिला किडं खात्यात. झाडावर चढायचं बळ न्हाय, म्हणून बाजेवर बसती."

ते हसले. आणि हसता हसता रडायलाच लागले, पार मोठ्यानं. मी रडू दिलं.

लुगडं त्यांच्यानं जाळवेना, मीच जाळलं. रागावू नका. खुराड्यातलं गवताचं काडही जाळलं, फटीफटीत उकळतं पाणी ओतलं, खुराडं उन्हात वाळवलं आणि चुना मारला. सगळ्या कोंबड्यांच्या पंखांखाली दवाखान्यातली पावडर चोळली. लिखा मागाहून फुटतात, म्हणून आठवड्यानं सगळं परत केलं. शेजारच्या बंबाची राख मागून आणून अंगणात खड्डा भरला. तुमची चूल थंड झाली, राख संपली आणि या बिचाऱ्यांचं लोळायचंच बंद झालं होतं की! राखेत लोळल्या की उवा झडतात, हे कुणाला सांगून का नाही गेलात?

आता ठिपकीचा तुरा लालबुंद झालाय. हे पोटभर जेवून घोरत पडलेत. आणि मला सगळ्यात बरं कशाचं वाटलं, सांगू? तुम्ही त्या बाजेपाशी घुटमळत नव्हता, याचं. कावळा शिवला तेव्हाच सुटला होता तुम्ही. आम्हीच वेडे.

तेव्हा आता काळजी करू नका, निवांत जावा. खुराड्याचं मी बघते. तुमच्या लेकाचंही.

तुमची सून,
सुमन