तात्यांच्या मुलाखतीतलं गाळलेलं

प्रिय ठमे,

दोन महिने तुझे फोन उचलले नाहीत. कामात होते म्हणून कळवलं, ते साफ खोटं. मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असशील. घाल, अजून घाल.

माझा अहवाल छापून आला. तुमच्या वस्तीने ओढ्याकाठचं काँक्रीट स्वतःच्या हातांनी फोडलं, माती मोकळी केली, माणसांचं पाण्याशी पुन्हा नातं जुळलं, असं छान छान लिहिलंय त्यात. मुखपृष्ठावर तुझे वडील, आपले तात्या. गुडघाभर पाण्यात, पहार खांद्यावर, बोळकं पसरून हसतायत. सगळे माझं कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुस्तक पालथं ठेवलं, कपाटात कोंबलं. आता भांडी घासायला नळ सोडला की त्यांचा खोकला ऐकू येतो. वेड लागलं म्हणशील. लागलंही असेल.

आमच्या कामात मुलाखतीचं एकेक वाक्य सुटं करून रकान्यात टाकतात. ‘सहभाग’, ‘आठवणी’, ‘निसर्गाशी नातं’. जे कुठेच बसत नाही ते ‘इतर’मध्ये. ‘इतर’ कुणी वाचत नाही गं. अहवालातही घेत नाहीत.

पुलाखालची भिंत तात्यांवर कोसळून ते गेले तेव्हापासून वस्ती म्हणते, म्हाताऱ्यालाच घाई झाली होती. तूही त्या दिवशी रडत म्हणालीस, जन्मभर नळ जोडले आणि शेवटी अक्कल गहाण ठेवली. तुझा हात माझ्या हातात होता. मी गप्प बसले. माझ्या त्या गप्प बसण्याची मला किळस येते.

सोमवारी चौकशीत तू त्यांची चूक मान्य करून सही करणार, असं तुझ्या भावाकडून कळलं. नको करूस. सोबत मुलाखतीचं रेकॉर्डिंग पाठवतेय. एकविसाव्या मिनिटाला तात्या सांगतात, पुलाखालची भिंत आतून पोकळ आहे, पाइप टाकताना मी डोळ्यांनी पाहिलंय, साहेब लोक तुझं लिहिलेलं वाचतात, तेवढं लिही म्हणजे आधी तपासतील. मी ते ‘इतर’मध्ये टाकलं. माझ्या अहवालाचा मसुदा वाचून पालिकेच्या कचेरीने काम सुरू करायला परवानगी दिली, आणि भिंत तपासून झाली असं धरून तात्या खाली उतरले. रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लाव. त्यांच्या पाठोपाठ एका बाईचा आवाज येतो, हो तात्या, लिहिते. ती मीच आहे, हे तिथे येऊन मी स्वतः सांगणार आहे.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
संशोधक मैत्रीण