जिवतीची म्हैस

प्रिय मिरे,

चार महिन्यांत तुला एक अक्षर लिहिलं न्हाई. तू म्हणली असशील, शकी मेली का काय. मेले न्हाई, भेले होते. कशाला भेले ते लिहिते, पण आधी दुसरं लिहिते, ते सोपं हाय. तुझ्या बापूनं ओसरीवर बसवून जेवढी अक्षरं शिकवली तेवढ्यातच भागवून राहिले, तवा चुकलं तर हसू नको.

मागल्या मंगळवारी तुझे मालक, रामकिशन भाऊजी, सेनगावच्या बाजाराला आले, तवा आमच्याकडं टेकले. म्हणले, वाशीमच्या एका छापखानेवाल्यानं तुमच्या हातची जिवती पाहिली. पुढल्या श्रावणात त्याला जिवतीचे कागद छापायचेत, अन् चित्र तुमचंच पाहिजे म्हणतो. पण दोन गोष्टी बदला म्हणतो. जिवतीचं तोंड गोरं करा, अन् खाली बुध बसलाय ती म्हैस पुसून तिथं बराबर हत्ती काढा. येत्या मंगळवारी भाऊजी चित्र न्यायला येणार. आमच्या घरचे म्हणले, काढ की हत्ती, तुझं काय जातं. काय जातं ते मला सांगता आलं न्हाई. म्हणून तुला सांगते.

औंदा श्रावणात हद्दीवर नाकेबंदी होती. वाशीमकडून मीठ येईना, तिथं जिवतीचा कागद कोण आणतो? मागल्या सालचा कागद वाळवीनं खाल्लेला. सासूबाई म्हणल्या, लेकराच्या घरात श्रावणातला शुक्रवार जिवतीबिगर न्हाई जायचा. मंग मी बसले. गुळाच्या दुकानातला जाड कागद, गेरू, चुना, काजळ, हळद, अन् बाभळीची काडी ठेचून केलेला कुंचला. लगीन व्हायच्या आधी आपण दोघी शिरडला लोकांच्या भिंती रंगवत होतो, तसं सोपं वाटलं. पण मिरे, दरसाल पाहिलेलं अन् काढायला बसलेलं, ह्याच्यात लई फरक. हत्तीचे चार पाय काढले. पोट काढलं, पाठ काढली. सोंड कुठून निघती तेच आठवंना. हत्ती मी जल्मात पाहिला न्हाई. शेवटी जे रोज दारात पाहते ते हातातून उतरलं. शिंगं काढली अन् झाली म्हैस.

सासूबाईनं पाहिलं अन् कपाळावर हात मारला. म्हणल्या, शके, यमाचा रेडा आणून बसवला माझ्या नातीच्या उशाशी. तुला माहीत हाय ना त्यांचं तोंड. अन् दुसऱ्याच दिवशी सुमनला ताप भरला. लेकरू मांडीवर भट्टीसारखं पेटलेलं, अन् समोर भिंतीवर माझ्याच हातचा रेडा. फाडायला उठले. तेवढ्यात मोतीबाई सुईण आली काढा घेऊन. तिनं कागदाला नाक लावलं अन् सासूबाईला म्हणली, धुरपताबाई, जनावर वळखायचं तर आधी खालून पाहावं. सडं काढलीत पोरीनं. सडं असलेला रेडा मी तरी सत्तर सालात पाहिला न्हाई, तुमच्या माहेराला असंल तर सांगा. सासूबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. चौथ्या दिवशी सुमनचा ताप उतरला. ताप गेल्या-गेल्या मी कुंचला घेतला अन् म्हशीखाली पिणारी वगार काढली, मंजी पुन्यांदा कोणी चुकायला नको.

त्याच्यानंतर बाया येऊ लागल्या. आमाला बी काढून दे, वगारवालीच दे. कोणी पायली जवारी दिली, कोणी नुस्तं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. तांड्यावरची जिवनबाई आली, म्हणली माझ्या जिवतीला लुगडं नको, घागरा पाहिजे, अन् कोपरापस्तोर बांगड्या. काढल्या. तिनं अर्धा घंटा पाहिलं अन् म्हणली, ही माझी माय हाय. छापलेल्या जिवतीसारखं गोरं तोंड काढायचा मी पहिल्याच दिवशी लई यत्न केला होता, दर बारी ते पिठाच्या बाहुलीवानी व्हायचं. मंग सोडून दिलं अन् गेरूचंच तोंड ठेवलं. आता मोतीबाईचं तोंड काढते, काळं, रुंद, हनुवटीला गोंदण. अर्ध्या गावाची लेकरं तिच्याच हातात पडलीत, मंग जिवती दुसरी कशी दिसंल? पहिल्यानं मी कागदाची नक्कल करत होते. आता हात आपुनच चालतो, अन् मला ठावं असतं कुठं थांबायचं.

हे सगळं सोपं होतं. आता ते लिहिते.

घरची जिवती काढली त्याच दिवशी तुझ्यासाठी बी एक काढून धाडली होती, तू सेनगावी होतीस तवा. सुमनचा ताप त्याच्या मागून आला. तुझ्या कागदावर वगार न्हाई. सडं काढली होती का न्हाई, ते मला आठवत न्हाई. घाईत काढली होती, पोरगी रडून राहिली होती. मंग रझाकाराच्या भेवानं तुमी पोळ्याच्या आधी हद्दीपलीकडं वाशीमला निघून गेलात, अन् भादव्यात सांगावा आला की तुझा संतू हगवणीनं गेला. मिरे, त्या दिसापासून मी रोज मनातल्या मनात त्या कागदावरच्या म्हशीखाली सडं हुडकून राहिले. तू तो कागद चुलीत घातला असशील, अन् त्याच्या संगं मला बी, असंच धरून चालले होते. आता तोच हात छापखान्यात गेला तर किती घरांच्या भिंतीवर जाईल, अन् प्रत्येक घरात लेकरू असंल. हत्ती काढला तर निदान माझा दोष तरी राहत न्हाई, असं बी मनात येऊन गेलं.

पण छापखानेवाल्यानं माझी जिवती कुठं पाहिली, हे मी भाऊजीला इचारलं. ते म्हणले, आमच्याच खोलीत. मिरा गाठोड्यात दुसरं काही घ्यायच्या आधी तोच कागद घेऊन निघाली होती. अजून दर शुक्रवारी कुकू लावती. अन् जाता-जाता म्हणले, तुला पाचवा महिना हाय. भाऊजी गेल्यावर मी दाराआड बसून लई रडले, अन् मंग रंग भिजत घातले. मी हत्ती काढणार न्हाई. म्हैस राहील, वगार राहील, तोंड मोतीबाईचं राहील. नको असंल तर त्यानं दुसरा हात पाहावा. जिवतीच्या मांडीवर एक लेकरू बसवलंय, ते सुमनवानी झालंय. दुसरी मांडी मोकळी ठेवलीय. तिथं मला संतूला बसवायचंय, अंगठा चोखणारा, जसा तो बसायचा. तुझ्या मनाला लागत असंल तर लिहू नको काही, मी समजंन, अन् भाऊजीला रिकाम्या हातानं धाडीन. पण चालत असंल तर मंगळवारी त्यांच्या हाती एवढंच लिहून धाड, त्याच्या टोपड्याची झालर लाल होती का हिरवी. मला आठवंना, अन् चुकीची काढायची न्हाई.

तुझीच,
शकी