हळर्णची म्हणून लावलेली वेल

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मी तुम्हाला आजवर एकही पत्र लिहिलं नाही. तुम्ही कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवायचात आणि मी तुमच्या खोलीचा शिपाई. काही सांगायचं तर दार ढकललं की झालं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात तुम्ही पेन दिलंत आणि लॅटिन नावं चिठ्ठ्यांवर बघून उतरवायला शिकवलंत. आज लिहितोय ते अशाच एका चिठ्ठीबद्दल. गेला महिना मनाला चैन नव्हतं. आता बरंच हलकं वाटतंय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय पुरतं होणार नाही.

चतुर्थीचे दिवस होते. पणजीला निघताना तुम्ही म्हणालात, "हळर्णला जा. गडाच्या उतारावर कवंडळासारखी वेल असते म्हणतात, फळं मात्र बोराएवढी. फळांसकट आण." मी गेलो नाही. गणपती बसले त्या दिवशी वर बघतो तर आमच्या माटोळीत, रानातली फळं-फुलं बांधलेल्या त्या लाकडी चौकटीला, तीच वेल लोंबतेय. बायकोने डिचोलीच्या बाजारातून आणली होती. विसर्जनाआधीच मी ती सोडवायला लागलो. बायको म्हणाली, "देव कितें म्हणटलो?" मी म्हटलं, "देव माफ करतलो, सर करचे नात."

तुम्ही ती वेल खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली होती. "शाब्बास! पायपीट केली की मिळतं." रोज वर्तमानपत्रं बदलून वेल दाबून सुकवली, कागदाला शिवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, हळर्ण, गडाचा उतार. आदल्याच आठवड्यात तुम्ही एका मुलाचा कागद भिरकावला होतात, "चिठ्ठीशिवाय पान म्हणजे वैरण!" मग खोट्या चिठ्ठीचं पान म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मला वाटायचं, तुमच्या त्या कागदांची कपाटं आता वाळवीच्या पोटात गेली असतील. पण यंदा श्रावणात पणजीहून एक मुलगी घरी आली, संशोधन करणारी. म्हणाली, सरांच्या सगळ्या कागदांचे फोटो काढलेत. कुठलं फूल त्या काळी कोणत्या महिन्यात यायचं, खाणी यायच्या आधी डोंगरावर काय उगवायचं, हे सगळं त्यांतून कळतं. सुकलेल्या पानाचा तांदळाएवढा तुकडा घेऊन त्या झाडाचं गोत्रसुद्धा काढतात. मी ऐकत होतो आणि सर, मला तुमचा भारी अभिमान वाटत होता. मग ती म्हणाली, "आजोबा, त्यांची एक वेल दुसऱ्या कुठल्याच संग्रहात नाही. हळर्णला दोन पावसाळे हिंडले. यंदा मिळाली नाही तर ती नाहीशी झाली, असं लिहावं लागेल."

खरं सांगावं तर तुमच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर कोण विश्वास ठेवणार? आणि न सांगावं तर? मी तिला तशीच जाऊ दिली. चार दिवस बायकोच्या नावाने उगाच कुरकुर केली. शेवटी तिनेच फोन माझ्या हातात दिला, "सांगून टाकात एकदाचें!"

"बाय, ती वेल हळर्णची नव्हेच. बाजारातून आणून आमच्या माटोळीला बांधलेली." पलीकडे ती खो खो हसायला लागली. "म्हणजे तुमच्या गणपतीची माटोळी मी गडावर शोधत होते?" मी घाबरत विचारलं, "आणि सरांच्या बाकीच्या चिठ्ठ्या?" ती म्हणाली, "त्या सगळ्या त्यांच्या वहीशी जुळतात. ही एकच वहीत नव्हती, म्हणून तर तुमच्याकडे आले. बाजारात कुणाकडून घेतली होती?"

बायकोला आठवत होतं, साखळी गावाच्या पलीकडच्या एका बाईकडून. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं डिचोलीच्या बाजारात गेलो. ती बाई आता नाही, तिच्या जागी तिची सून बसते. फोटो बघून ती म्हणाली, "ही? आमच्या कुळागराच्या वयर जाय तितली आसा. आनी तुमी ती गडार सोदतात? गडार माकडां आसात!" दुसऱ्या आठवड्यात तिने आम्हाला तिथे नेलं. अर्धा डोंगर खाणीने खाल्लेला, पण कुळागरातल्या पोफळींच्या वरच्या अंगाला एका मोठ्या झाडावर ती वेल चढलेली, लालभडक फळांनी लवलेली. मी खालीच बसलो आणि रडलो. परवा त्या मुलीचा फोन आला. तुमचं जुनं पान आणि हे ताजं, दोन्ही एकाच जातीची निघाली.

मी तिला म्हटलं, ती खोटी चिठ्ठी आता फाडून टाक. ती म्हणाली, "फाडत नाहीत, आजोबा. चुकली तरी जुनी राहते. खाली नवी लावायची, काय बदललं आणि का, ते लिहून." नवी चिठ्ठी तिने माझ्याकडूनच लिहून घेतली. माझं अक्षर आता थरथरतं, पण जागा खरी लिहिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहितो. हळर्णला का गेलो नाही, असं तिने विचारलं तेव्हा मी ताप होता म्हणालो आणि चिठ्ठीवर तसंच लिहिलं. ताप नव्हता, सर. गडावर एकट्याने जायला मी भ्यालो होतो. उद्या तिला फोन करतो. तिसरी चिठ्ठी लावावी लागेल.